सकाळी डी उशिरा लागतो, गरम झाल्यावर झटका: जुन्या ऑटोमॅटिकचा बॉक्स खोलण्याआधी

प्रश्न निपाणीहून आहे, तो आधी थोडक्यात. २०१० ची ह्युंदाई आय-टेन १.२ ऑटोमॅटिक, चार-स्पीड, पुण्याहून सेकंडहँड घेतलेली, मीटरवर ९६ हजार. सकाळी डी (पुढं जायची लिव्हरची जागा) टाकला की गाडी दोन-तीन सेकंदांनी पकडते. गरम झाल्यावर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन रिकामंच ओरडतं आणि मग झटका बसतो. गेल्या आठवड्यात तवंदी घाटात एकाच गिअरमध्ये अडकली, बाजूला घेऊन बंद-चालू केल्यावर ठीक झाली. एक फिटर म्हणतो बॉक्स खोलू, दुसरा म्हणतो ऑइल बदलू. कुणाचं ऐकायचं?

अजून कुणाचंच नको. दोघांनी ऑइलची डिपस्टिकसुद्धा काढून बघितलेली दिसत नाही. या वयाच्या गाडीत गिअर नीट न पडण्याची निम्मी कारणं बॉक्सच्या बाहेर असतात: ऑइलची पातळी, वायरिंग, अर्थिंग, सेन्सर, कधी कधी तर इंजिनच. म्हणून तपासणी बाहेरून आत जायची, आणि एकेक कारण बाद करत जायची.

सगळ्यात आधी एक काम करू नका. बॅटरीचं टर्मिनल काढू नका. घाटात गाडी एकाच गिअरमध्ये अडकली म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काहीतरी चुकीचं दिसलं आणि त्यानं बॉक्स वाचवायला गाडी तिसऱ्यात धरून ठेवली. या बॉक्सची रचनाच तशी आहे. सगळ्या सोलेनॉइडची (विजेवर ऑइलची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या व्हॉल्व्हची) वीज तोडली की ऑइलच्या दाबानं आपोआप तिसरा उरतो आणि रिव्हर्सही चालतो. गाडी बंद करून चालू केली की तो पहारा उठतो, पण बिघाडाचा कोड मेमरीत राहतो. बॅटरी काढली तर काही गाड्यांत तोही पुसला जातो, आणि मग पुन्हा घाटात अडकेपर्यंत वाट बघावी लागते.

कोड वाचायला हजार-पाचशेचा ब्लूटूथ डोंगल बहुतेक वेळा पुरत नाही. तो इंजिनचं सांगतो, गिअरबॉक्सबद्दल फार तर पी-०७०० दाखवतो. त्याचा अर्थ एवढाच की खरी तक्रार दुसऱ्या कॉम्प्युटरपाशी आहे. ज्याचा स्कॅनर ‘एटी’ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन) हा भाग वेगळा उघडतो, अशा ऑटो इलेक्ट्रिशियनकडं जा आणि कोड पुसायच्या आधी स्क्रीनचा फोटो काढून घ्या. पी-०७१५, ०७१७ म्हणजे बॉक्सच्या आत येणारा वेग मोजणारा सेन्सर. पी-०७२० बाहेर जाणाऱ्या वेगाचा. पी-०७०५ गिअर लिव्हरच्या स्विचचा. पी-०७५० पासून पुढं सोलेनॉइड. पी-०७३१ ते ०७३४ म्हणजे त्या त्या गिअरचं प्रमाण जुळत नाही, कुठंतरी घसरतंय. पहिल्या तीन जातीचा कोड निघाला तर हायसं वाटू द्या, कारण ते काम बहुतेक वेळा बॉक्स न उतरवता होतं. पी-०७३३ निघाला तर पुढचं नीट वाचा.

आता ऑइल. सर्व्हिसला ‘टॉपअप केलं’ असं लिहून येतं, पण पातळी कुठल्या अवस्थेत बघितली हे कुणी लिहीत नाही, आणि सगळं त्यावरच आहे. ह्युंदाईच्या या बॉक्सचं ऑइल इंजिन चालू ठेवून, ऑइल ७० ते ८० अंशांवर असताना बघायचं. म्हणजे निपाणीहून संकेश्वरपर्यंत जाऊन सपाट जागी थांबा. हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबून लिव्हर पी पासून खालच्या शेवटच्या गिअरपर्यंत सावकाश न्या, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबवा, परत एन (न्यूट्रल) मध्ये आणा. इंजिन चालूच. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. पातळी ‘हॉट’च्या दोन खुणांच्या मध्ये हवी. पुसायला गॅरेजमधलं बनियन-वेस्ट वापरू नका. त्याचा एक धागा व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइलला वाटा देणाऱ्या भागात) गेला तर बारीक व्हॉल्व्ह अडकवायला तेवढा पुरतो. धुतलेला, धागे न सुटणारा कपडा किंवा टिश्यू घ्या.

होंडाची पद्धत उलटी आहे. तिथं गरम इंजिन बंद करून ६० ते ९० सेकंदांच्या आत बघायचं. सिटीवर हात बसलेला माणूस आय-टेनची पातळी इंजिन बंद करून बघतो आणि ‘जास्त आहे’ म्हणून ऑइल काढून टाकतो, कारण इंजिन थांबलं की टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनचा जोर ऑइलमधून बॉक्सला देणारा डबा) आणि पाइपमधलं ऑइल खाली उतरतं. मग ऑइल खरंच कमी पडतं. सेकंडहँड गाडीत हे आधीच कुणीतरी करून ठेवलेलं असणं अगदी शक्य आहे.

पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि सकाळी डी उशिरा लागतो. जास्त असेल तरी तेच: फिरणारे गिअर ऑइल घुसळून फेस करतात, फेसाला दाब धरता येत नाही. दोन्ही बाजूंनी लक्षण एकच, म्हणून अंदाजानं अर्धा लिटर ओतायचा धंदा करू नये.

डिपस्टिकवरचे दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाका आणि दहा मिनिटं ठेवा. लाल किंवा तांबूस वर्तुळ सारखं पसरलं तर ऑइल ठीक. मध्ये काळा ठिपका राहून कडेला तपकिरी कड आली आणि करपल्यासारखा वास आला तर क्लचच्या चकत्यांचं अस्तर जळलंय. गुलाबी दुधासारखा रंग दिसला तर गाडी तिथंच थांबवा, इंजिनसुद्धा चालू ठेवू नका. त्याचा अर्थ रेडिएटरचं पाणी गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये आलंय.

हे शेवटचं आपल्या भागात फार बघायला मिळतं आणि त्याचं कारण विहीर-बोअरचं पाणी आहे. चिकोडी, अथणीकडं बोअरला क्षार किती असतात ते किटलीच्या तळाला दिसतंच. तेच पाणी कूलंटच्या जागी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं जातं. गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारा छोटा कूलर त्याच रेडिएटरच्या टाकीत बुडालेला असतो. तो आतून गंजून फुटला की दोन्ही द्रव एकमेकांत मिसळतात. कूलंटच्या डब्यात वर तेलाचा तवंग दिसतो का बघा, तीही खूण आहे. क्लचच्या चकत्यांवर कागदासारखं अस्तर चिकटवलेलं असतं, कूलंटनं तो डिंक सुटतो. त्याच दिवशी पकडलं तर रेडिएटर बदलून ऑइल तीन-चार वेळा काढून-भरून बॉक्स वाचू शकतो. आठवडाभर तशीच चालवली तर बॉक्स खोलावाच लागतो.

ऑइल चांगलं निघालं तर वायरिंगकडं वळा. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलपासून गिअरबॉक्सच्या केसिंगपर्यंत मल्टिमीटर लावा, डीसी व्होल्टवर. इंजिन चालू, हेडलाइट, एसी, मागची काच तापवायची तार, सगळं चालू. ०.१ व्होल्टच्या आत हवं. जास्त आलं तर अर्थची पट्टी गंजली आहे, ती साफ करून परत कसा. बॅटरीवर १३.८ ते १४.४ च्या आसपास दिसायला हवेत. कॉम्प्युटरला वीज कमी पडली की तो सोलेनॉइड नीट चालवू शकत नाही आणि झटके देतो. अर्ध्या तासाच्या कामानं गिअरबॉक्सचं इस्टिमेट रद्द झाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

मग बॉक्सवर लिव्हरच्या दांड्याशी बसलेला स्विच. फिटर त्याला इनहिबिटर स्विच म्हणतात. पावसात पाणी आणि मुंग्यांची माती दोन्ही त्याला आवडतात. मीटरवर पी-आर-एन-डी मधलं अक्षर मध्येच गायब होणं, रिव्हर्सचा लाइट न लागणं, पी मध्ये स्टार्ट न होता एन मध्ये होणं, ही त्याची लक्षणं. सेन्सर आणि सोलेनॉइडचे कपलरही उघडून बघा, आत हिरवट गंज किंवा ऑइल असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. सोलेनॉइडचा रोध मोजताना आकड्यापेक्षा तुलना बघा. एकाच जातीच्या सोलेनॉइडमध्ये एकच खूप वेगळा आला तर तो संशयित. फक्त चालू-बंद होणारे साधारण ११ ते २५ ओहम, दाब कमी-जास्त करणारे ३ ते ६ ओहमच्या आसपास असतात. मोजताना बॉक्स थंड आहे की गरम ते लिहून ठेवा, गरम झाल्यावर रोध वाढतोच.

एक गोष्ट गिअरबॉक्सची नसून गिअरबॉक्सवर येते. ‘गाडी तापत नाही’ म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची सवय उन्हाळ्यात जोर धरते. इंजिन मग पुरेसं तापतच नाही, आणि कॉम्प्युटर गाडी अजून थंड आहे असं समजून चौथा गिअर आणि लॉकअप (कन्व्हर्टर आतल्या क्लचनं थेट जोडला जाणं) उशिरा देतो किंवा देतच नाही. तक्रार येते ‘चौथा पडत नाही’. मीटरचा काटा हायवेला मध्यापर्यंतही चढत नसेल तर आधी थर्मोस्टॅट परत बसवा. फुटलेलं इंजिन माउंटिंगही तसंच फसवतं, डी टाकताना ‘ठक्’ होतं आणि दोष गिअरबॉक्सला जातो. बॉनेट उघडून ब्रेक दाबून आर आणि डी आलटून-पालटून टाकायला सांगा. इंजिन उड्या मारत असेल तर माउंटिंग.

आता रस्त्यावर. काकतीच्या पुढं सकाळी हायवे मोकळा असतो, नाहीतर निपाणी ते संकेश्वर. ऊसाच्या हंगामात मात्र ट्रॉल्यांच्या मागं ही चाचणी करू नका, सारखं ब्रेकवर पाय ठेवून काहीच कळत नाही. शेजारी कुणाला तरी बसवा, तो लिहील.

या बॉक्समध्ये कुठला गिअर कशावर चालतो ते माहीत असलं की निदान सोपं होतं. आत तीन क्लच आणि दोन ब्रेक (चाकांचे नव्हे, बॉक्समधला फिरता भाग धरून ठेवणारे). अंडरड्राइव्ह क्लच पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्यात. ओव्हरड्राइव्ह क्लच तिसऱ्या आणि चौथ्यात. सेकंड ब्रेक दुसऱ्या आणि चौथ्यात. लो-रिव्हर्स ब्रेक पहिल्या आणि रिव्हर्समध्ये, आणि रिव्हर्सचा स्वतःचा क्लच. एवढं पाठ करा. रिव्हर्स उत्तम, पण पुढचे पहिले तिन्ही घसरतात, तर अंडरड्राइव्ह. पुढचे सगळे उत्तम, रिव्हर्स घसरतो, तर रिव्हर्सचा क्लच किंवा लो-रिव्हर्स ब्रेक. दुसरा आणि चौथा दोन्ही बिघडले तर सेकंड ब्रेक.

तुमची तक्रार दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आहे. त्या क्षणी सेकंड ब्रेक सुटतो आणि ओव्हरड्राइव्ह क्लच पकडतो, एका हातातलं दुसऱ्या हातात दिल्यासारखं. पकड उशिरा आली की मधल्या क्षणी इंजिन ओरडतं. म्हणून विचारायचा प्रश्न असा: तिसरा एकदा पडल्यावर नीट धरतो का, आणि चौथ्यात चढावर जोर दिला तर आरपीएम उगीच चढतो का? ओव्हरड्राइव्ह क्लच खरंच झिजला असेल तर तिसऱ्या-चौथ्यात, गाडी गरम असताना, चढावर आरपीएम वाढेल आणि स्पीड तेवढा वाढणार नाही. फक्त बदलताना ओरडतो आणि पडल्यावर घट्ट धरतो, तर चकत्यांपेक्षा दाब, सोलेनॉइड, व्हॉल्व्ह बॉडी किंवा कॉम्प्युटरनं पकडीबद्दल शिकलेली जुनी आकडेवारी यांच्यावर संशय घ्या.

स्कॅनर लावूनच ही फेरी मारली तर आणखी पक्कं कळतं. स्क्रीनवर इंजिनचा आरपीएम, टर्बाइनचा आरपीएम (म्हणजे बॉक्सच्या आत येणारा) आणि बाहेर जाणारा वेग, हे तीन आकडे लावा. ओरडताना इंजिन आणि टर्बाइन दोन्ही उसळले आणि बाहेरचा वेग जागेवर राहिला, तर क्लच घसरतोय. इंजिन एकटंच उसळलं आणि टर्बाइन शांत, तर क्लचचा दोष नाही, टॉर्क कन्व्हर्टर किंवा लॉकअप बघा.

लॉकअपची चाचणी निराळी. चौथ्यात, ७० च्या आसपास, अॅक्सिलरेटर एका जागी धरून ठेवा आणि डाव्या पायानं ब्रेकला नुसता स्पर्श करा, ब्रेक लाइट पेटेल एवढाच. आरपीएम दोन-तीनशेनं वर जाऊन परत बसला तर लॉकअप काम करतोय. त्या स्पीडला खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर असेल आणि ब्रेकला पाय लावताच क्षणभर थांबत असेल, तर दोष कन्व्हर्टरच्या क्लचचा किंवा जुन्या ऑइलचा. थांबत नसेल तर प्लग आणि कॉइल बघा, ते इंजिनचं मिसफायरिंग आहे.

सकाळच्या उशिराचं मोजमाप घड्याळावर घ्या. थंड इंजिन सुरू करून आयडल स्थिर होऊ द्या, एन मधून डी टाका, गाडीला हलका धक्का बसेपर्यंतचा वेळ मोजा. मग एक मिनिट थांबून एन मधून आर. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये गरम गाडीला मर्यादा डी साठी १.२ सेकंद आणि आर साठी १.५ सेकंद असते, ती इतर टॉर्क कन्व्हर्टर बॉक्सलाही अंदाज म्हणून चालते. थंड गाडीला थोडं जास्त माफ. फक्त रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्याच वेळी उशीर आणि दिवसभर ठीक, तर कन्व्हर्टरमधलं ऑइल खाली उतरतंय, त्याची घाई नाही. दर वेळी उशीर, आर ला डी पेक्षा जास्त, तर रबरी सील कडक झालेत.

स्टॉल टेस्ट गॅरेजमध्ये फार प्रिय आहे: चाकांना ठोकळे, हँडब्रेक, ब्रेक पूर्ण दाबून डी मध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण. छोट्या पेट्रोल गाड्यांत आरपीएम साधारण २,००० ते २,८०० च्या पट्ट्यात थांबतो, नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला. जास्त चढला तर क्लच घसरतो, फार कमी राहिला तर इंजिन अशक्त किंवा कन्व्हर्टरच्या स्टेटरचा एकमार्गी क्लच गेलाय. पाच सेकंदांच्या वर नाही, मध्ये दोन मिनिटं एन मध्ये. माझं मत विचाराल तर ऑइल करपलेलं असेल तर ही टेस्ट करूच नका. जे रस्त्यावर कळलंय तेच पुन्हा कळतं, आणि उरलेलं अस्तर त्या पाच सेकंदांत जातं. त्यापेक्षा केसिंगवरच्या दाब मोजायच्या छिद्राला गेज लावणं कितीतरी चांगलं. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिकचं काम करणारे इतके आहेत की योग्य आट्याचा अडॅप्टर आणि गेज मिळायला अडचण येऊ नये. दाब सगळीकडं कमी असेल तर पंप, फिल्टर किंवा रेग्युलेटर, एकाच क्लचला कमी असेल तर त्याचं सील.

ऑइल बदलायचं ठरलं तर या बॉक्सला एसपी-३ जातीचंच घाला. होंडाला डीडब्ल्यू-१, टोयोटाच्या जुन्या बॉक्सला टी-फोर आणि पुढच्यांना डब्ल्यूएस. ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं’ असं सांगून सुटं विकलं जाणारं लाल ऑइल घेऊ नका, लॉकअपची थरथर तिथूनच सुरू होते. पॅन उतरवून फिल्टर बदला. पॅनमधल्या चुंबकावर करड्या रंगाची मऊ पेस्ट असते, ती स्वाभाविक. बोटांत घासल्यावर टोचणारे कण किंवा चकाकणारे तुकडे असतील तर ऑइलचे पैसे वाचवा, बॉक्स खोलायचाच आहे. पॅनचे बोल्ट आडवे-तिडवे थोडे थोडे कसा. जोरात आवळले की पॅनची कड वाकते आणि गळती कायमची.

ड्रेनमधून सगळं ऑइल कधीच निघत नाही, कन्व्हर्टर भरलेलाच राहतो. समजा बॉक्समध्ये एकूण सहा लिटर आणि ड्रेनमधून अडीच निघतात. एकदा बदलल्यावर ४२ टक्के नवं, दुसऱ्यांदा ६६, तिसऱ्यांदा ८०. म्हणून दोन-तीनशे किलोमीटरच्या अंतरानं तीन वेळा. काढलेलं मापात मोजा आणि तेवढंच भरा, मग गरम करून पातळी बघा. मशीननं दाबानं फ्लश करणं मी जुन्या गाडीला सुचवत नाही. ‘ऑइल बदललं आणि बॉक्स गेला’ असं जे ऐकू येतं, त्यात बहुतेक वेळा अस्तर आधीच संपलेलं असतं आणि ऑइल फुकट बदनाम होतं. नंतर स्कॅनरनं शिकलेली आकडेवारी रीसेट करून गरम ऑइलवर, हलक्या पायानं, थांब्यापासून चौथ्यापर्यंत आठ-दहा वेळा सावकाश चालवा. कॉम्प्युटर नव्या ऑइलवर पकड पुन्हा शिकतो. पहिले काही बदल खडबडीत वाटतील, घाबरू नका.

तुमच्या गाडीबद्दल आत्ता एवढंच म्हणता येईल: पातळी आणि कागदावरचा थेंब बघा, कोडचा फोटो घ्या, तिसरा-चौथा चढावर धरतो का बघा. ऑइल लाल, कोड सेन्सरचा किंवा सोलेनॉइडचा आणि चौथा घट्ट, तर ऑइलवाला फिटर जवळपास बरोबर, फक्त त्याच्याआधी वायरिंग. ऑइल काळं, पी-०७३३ आणि चौथाही घसरतो, तर बॉक्सवाला बरोबर. तेव्हा कन्व्हर्टर जुनाच परत बसवू देऊ नका, त्यात जळलेल्या अस्तराचा चुरा अडकलेला असतो. तो कापून, साफ करून, वेल्ड करून परत तोलायचा असेल तर ज्याच्याकडं बॅलन्सिंगची सोय आहे त्यालाच द्या. नुसतं लेथवर कापून वेल्ड करणं पुरत नाही. कन्व्हर्टरच्या नळीची थरथर डायल गेजवर ०.३ मिलिमीटरच्या वर गेली तर पंपाचं नवं सील काही दिवसांत गळायला लागतं.

गाडी पुण्याची आहे, म्हणून एक विचारून ठेवा: ती कधी पुराच्या पाण्यात उभी होती का? आपल्याकडं २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-घटप्रभेच्या काठी किती गाड्या पाण्यात गेल्या ते ठाऊकच आहे, पुढं त्या विकल्या जातातच. बॉक्सवरच्या श्वासनळीतून पाणी आत शिरतं आणि दोन-तीन वर्षांनी बेअरिंग आवाज करायला लागतात. सीटखालच्या रुळांचा गंज आणि डॅशबोर्डखालच्या वायरींवरचा चिखल टॉर्च मारून बघितला तरी कळतं.

आणि हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकसाठी. सेलेरिओसारख्या एएमटीत आत साधा मॅन्युअल बॉक्स आणि साधी क्लच प्लेट असते, जुन्या सिटी झेडएक्सच्या सीव्हीटीत गिअरच नसतात. त्यांना यातलं अर्थ आणि बॅटरीचं सोडून बाकी काही लागू नाही.

निदान होईपर्यंत तवंदी, चोर्ला, आंबोली चढायची वेळ आली तर डी वर सोडून देऊ नका. तिसऱ्या-चौथ्यात सारखी ये-जा झाली की ऑइल तापतं. चढावर चौथा बंद ठेवा, उतारावर २ लावा, आणि ओरडून झटका आला तर बाजूला घेऊन एन मध्ये आयडलला दहा मिनिटं थंड होऊ द्या.